पिवळ्या स्टिकरची सायकल

आमच्या पुढच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनला लागून, व्यायामाची एक सायकल आहे. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची. तिच्या दांड्यावर एक गोल पिवळं स्टिकर चिकटवलेलं आहे. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता तिच्याकडे बघतात आणि विचारतात, "सेलमधली का हो ही?" मी म्हणते, "हात वर करा, काखेपाशी मुंढ्याचं माप घ्यायचंय." तरी विचारायचं कुणी सोडत नाही, म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

मी निगडीत, प्राधिकरणात, चाळीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. मशीन पायडलची. मोटर लावून बघितली होती, पण ती माझ्या पायाचं ऐकत नाही, पुढे पळते, म्हणून काढून टाकली. माझी शिलाई उसवत नाही. ब्लाउज घट्ट होतोय म्हणून कुणी परत आलं की मी वही काढते, जुनं माप दाखवते, मग टेप घेऊन बाईला पुन्हा मोजते. त्यानंतर बाई चहा घेऊन घरी जाते. माझी शिलाई चुकली असं मी आजवर कुणा गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही. चुकतच नाही तर म्हणू कशाला?

माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे पार्ट बाहेरून बनून यायचे. ते तपासून आत घ्यायचे की परत पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. बरोबर असेल त्याला हिरवं स्टिकर, चुकलेल्याला लाल, आणि शंका असेल तर पिवळं, म्हणजे निर्णय होईपर्यंत थांबवून ठेवा. एकतीस वर्षं सकाळी सहाला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि हे तिच्यात बसून लोकांच्या चुका शोधायला जायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा कंपनीने शाल आणि घड्याळ दिलं. तिन्ही रंगांच्या स्टिकरांची एकेक गुंडाळी यांनी स्वतः आणली.

मग काय, घरात कामाला तोटा नाही. तांदळाच्या डब्याला हिरवं. बाल्कनीच्या कडीला लाल, आणि ती दुरुस्त होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एकदा पिठल्याच्या कढईला पिवळं लावलं. त्या दिवशी मी पिठलं शेजारी देऊन टाकलं आणि यांना कोरडा भात वाढला. त्यानंतर स्वयंपाकघर वगळलं गेलं.

आता गुडघा. उजवा. चाळीस वर्षं पायडल मारून तो असा झाला होता की रात्री कूस बदलताना मी आधी त्याची परवानगी घ्यायचे. शेवटी ऑपरेशन करून बदलला. डॉक्टर चांगले होते, पण बोलायला तोडके. टाके काढताना त्यांनी सांगितलं, "गुडघा नव्वद अंशात वाकला पाहिजे. सहा आठवड्यांनी बघणार. तोपर्यंत नाही वाकला तर भूल देऊन मी वाकवणार."

मी विचारलं, "आणि तरी नाही वाकला तर?"

"मग आहे तसा राहील."

नव्वद म्हणजे काय हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. स्टुलावर बसून पायडलवर पाय ठेवला की होतो तो नव्वद. साठ-पासष्ट अंशात माणूस पलंगावर बसतो, टीव्ही बघतो, लोकांना हाका मारतो. नव्वद नाही तर माझी मशीन नाही. आणि मशीन नाही तर मी दिवसभर करू काय? मिस्टरांबरोबर डबे तपासत फिरू? मी घाबरले होते. ऑपरेशनला घाबरले नव्हते इतकी त्या एका आकड्याला घाबरले.

घरी व्यायाम घ्यायला एक फिजिओबाई यायची. लातूरकडची, बारीक अंगाची, पण हातात असा जोर की बघत राहावं. आठवड्यातून तीनदा ती यायची आणि बाकीच्या दिवशी घरच्यांनी करायचं. तिने मिस्टरांना शेजारी बसवून शिकवलं. एक हात मांडीवर, एक हात घोट्याच्या वर, आणि हळूहळू टाच मागे ढकलायची. "काकू ओरडतील," ती म्हणाली, "ओरडू द्या. सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर हात धुऊन, पुसून आले. पलंगाच्या कडेला बसले. एक हात इथे, एक हात तिथे, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि ढकललं. मी "आई गं" म्हणून अशी ओरडले की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. यांनी दोन्ही हात काढून घेतले. "पाणी आणतो," म्हणाले आणि आत गेले. पाणी यायला बराच वेळ लागला. आलं तेव्हा पेला अर्धाच भरलेला होता.

संध्याकाळी मी म्हटलं, "चला, दुसरी पाळी."

तर हे म्हणाले, "मी विचार केला. हाताने दाबणं ही पद्धतच बरोबर नाही. माणसाचा जोर रोज सारखा नसतो. याला मशीन पाहिजे."

फिजिओबाईने बोलता बोलता पाठ टेकून चालवायच्या सायकलचं नाव काढलं होतं. कमरेवर भार येत नाही, पडायची भीती नाही, मिळाली तर बरं, असं म्हणाली होती. त्याच वाक्यात पुढे ती असंही म्हणाली होती, की हाताने वाकवणं मात्र सोडू नका. मिस्टरांनी वाक्य अर्ध्यावरच ऐकणं बंद केलं असावं.

तर सायकल घ्यायची ठरली. इतरांच्या घरात वस्तू घेतात तशी ती घेतली असती तर दुसऱ्या दिवशी दारात आली असती. पण कंपनीत नियम असतो, तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय खरेदी करायची नाही. तो नियम यांनी घरातही कधी मोडलेला नाही. आमचा मिक्सर तीन ठिकाणचे भाव घेऊन आला आहे. आमच्या लग्नाच्या वेळी मात्र यांनी फक्त मलाच बघितलं होतं, ते कसं काय, हे मी त्यांना विचारलेलं आहे. "तेव्हा मी कंपनीत नव्हतो," असं उत्तर मिळालं.

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पट्टीने रकाने आखले. डावीकडे काय काय तपासायचं ते, वर तीन दुकानं. चाकाचं वजन. बेअरिंग. आवाज. किती किलोचा माणूस पेलते. सीट किती खाचांमध्ये मागे-पुढे होते. पायडलचा पट्टा. मी पलंगावरून बघत होते. अक्षर सुंदर आहे यांचं, ते मी नाकारत नाही.

पहिलं दुकान चिंचवडला. तिथला विकणारा म्हणे "सर, एकदम स्मूथ" याच्यापुढे काही बोलेना. यांनी विचारलं, चाक किती किलोचं? तो म्हणाला, एकदम स्मूथ सर. यांनी रकान्यात लिहिलं, माहिती उपलब्ध नाही. दुसरं दुकान ताथवड्याला, कॉलेजच्या पोरांना डंबेल विकणारं. तिथे टेकायची सायकल एकच होती आणि तिच्यावर मालकाची आई बसलेली होती, तेव्हा यांना दोनदा जावं लागलं. तिसरी जुनी, चाकणला, कांदा मार्केटच्या पुढे. एक जिम बंद पडली होती, तिचं सामान एका माणसाने शेडमध्ये भरून ठेवलं होतं.

"चालते का?" यांनी विचारलं.

"व्हय की काका, चालती. लई न्हाई वापरली. जिमवाल्या पोरान्ला उभ्या सायकली लागत्यात, हिच्यावर कोण बसतंय?"

"बेअरिंग कधी बदललंय?"

"ते न्हाई ठाव. पण बसून तर बघा, राव!"

हे बसले. वीस मिनिटं चालवली. घरी येऊन मला सांगितलं की बेअरिंगचा आवाज डावीकडून येतो. इतक्या बारकाईने सांगितलं की मला वाटलं आता डॉक्टर यांनाच तपासायला बोलावतील. मी म्हटलं, "अहो, मग कधी येणार सायकल?"

"निर्णय झाला की."

दिवस जात होते. हाताने वाकवणं बंदच. सकाळी मी आठवण केली की यांना नेमकं दुकान उघडायच्या आत चिंचवडला पोचायचं असायचं. फिजिओबाई यायची तेव्हा तेवढं ती वाकवायची, आणि दर वेळी तो अंश मोजायचा छोटा कोनमापक लावून आकडा सांगायची. साठ. बासष्ट. बासष्ट. "घरी करत न्हाईत का काका?" तिने विचारलं. मी म्हटलं, काका सायकल निवडायलेत. तिच्याच बोलीत म्हटलं, तरी ती हसली नाही.

त्याच आठवड्यात एक बाई आली, सेक्टरातलीच. तिच्या मुलीचं लग्न होतं आणि अकरा ब्लाउजांचं कापड तिने ऑपरेशनच्या आधीच माझ्याकडे ठेवलं होतं. मीच सांगितलं होतं, महिन्याभरात बसते मशीनवर. ती आली, माझ्याशेजारी बसली, गुडघ्याची चौकशी केली, आणि उठताना हळूच म्हणाली, "काकू, कापड नेऊ का? आकुर्डीची एक आहे, ती करून देते म्हणाली." मी म्हटलं, "न्या ना, त्यात काय!" मोठ्याने, हसून म्हटलं. मिस्टरांनी कपाटातून गाठोडं काढून दिलं. बाई गेल्यावर मी तोंड भिंतीकडे करून रडले. आकुर्डीच्या त्या बाईने शिवलेले मुंढे कसे असतात हे मला माहीत आहे.

चौथा आठवडा संपताना सायकल आली. चिंचवडचीच, एकदम स्मूथ. हमालांनी खोकं ठेवलं आणि यांनी त्याला लगेच हात लावू दिला नाही. आधी खोकं चारी बाजूंनी बघितलं. मग कात्री मागितली. माझी कापडाची कात्री पुठ्ठ्याला लावू देईन का मी? सुरी दिली. सगळे भाग चादरीवर मांडले, यादीशी ताडून बघितले, आणि जोडायला घेतले. दुपारचे तीन तास मी पलंगावरून नट मोजत होते. सीटला दहा खाचा होत्या, त्या दहाच्या दहा त्यांनी सरकवून बघितल्या. दांड्याची जाडीही मोजली. ती कशाशी ताडून बघायची होती, कुणास ठाऊक.

मग स्वतः बसले. कंपनीत मशीन लावलं की पहिला तुकडा तपासल्याशिवाय काम सुरू करत नाहीत, असं म्हणाले. अर्धा तास चालवली. आवाज नाही, हलत नाही, सीट घट्ट. उतरले, घाम पुसला, ड्रॉवरमधून गुंडाळी काढली आणि दांड्यावर हिरवं स्टिकर लावलं.

"ये," म्हणाले. "पास आहे."

मी वॉकर धरून गेले. यांनी धरून बसवलं. पाठ टेकली. बरं वाटलं, खोटं का बोलू. मग पाय पुढे केले.

पायडल लांब होतं. यांनी सीट एक खाच पुढे घेतली. मग आणखी एक. शेवटच्या खाचेला सीट अडकली, तेव्हा माझा अंगठा कसाबसा पायडलला टेकला. टाच हवेत. पट्टा पुरुषाच्या बुटाच्या मापाचा, त्यात माझं पाऊल घातलं तर सरळ आरपार निघत होतं.

मिस्टर पाच फूट दहा इंच आहेत. मी चार फूट दहा. तीन दुकानं, कॅलेंडरचं पान, दहा खाचा, आणि प्रत्येक सायकलवर जाऊन बसले कोण, तर हे.

मी विचारलं, "माप कुणाचं घेतलंत?"

यांनी सीटची शेवटची खाच पुन्हा चाचपून बघितली.

"अहो, मी विचारतेय. माप कुणाचं घेतलंत? चाळीस वर्षं या खोलीत बायका येऊन उभ्या राहतात, मी कुणाचा ब्लाउज माझ्या मापाने शिवला का कधी? टेप इथे खुंटीला टांगलेली आहे. मी इथे पलंगावर पडलेली आहे. कुठे पळून चालले होते का मी?"

यांनी वाकून हिरवं स्टिकर नखाने काढलं. सबंध निघालं नाही, अर्धं फाटलं, ते खरवडलं. मग पिवळं लावलं. "थांबव," म्हणाले. "उतर. परत पाठवतो. पुन्हा भाव मागवतो, या वेळी तुझ्या मापाने. आठ-दहा दिवसांत…"

"दिवस किती राहिलेत माहीत आहे का तुम्हाला? चौदा."

"माहीत आहे."

"मग?"

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हाला सायकल घ्यायचीच नव्हती. तुम्हाला माझ्या गुडघ्याला हात लावायचा नव्हता. म्हणून गावभर बेअरिंग बघत फिरलात."

मला वाटलं, आता हे पद्धतीबद्दल काहीतरी बोलतील. स्टिकरांची गुंडाळी हातात धरून उभे होते.

"नव्हता लावायचा," म्हणाले. "तू ओरडलीस तेव्हा आतून कट् असा आवाज आला. मला वाटलं, मी मोडला. नवीन घातलेला, तीन आठवड्यांचा. आत जाऊन बसलो. हात थांबेनात, पाणी सांडलं."

अर्ध्या पेल्याचं कारण मला तेव्हा कळलं. माझा राग कुठे गेला कोण जाणे. अगदी गेला असं नाही म्हणणार मी, पण बाजूला सरकला.

मी म्हटलं, "टेप द्या इकडे."

त्यांनी दिली. मी सीटवर बसल्या बसल्याच मापं घेतली. पाठीपासून टाचेपर्यंत. टाचेपासून पायडलपर्यंत. साडेचार इंच कमी पडत होते. कपाटातली जुनी गोधडी आणायला लावली, घडी घालून पाठीमागे सारली. तीन इंच पुढे आले. आणखी घडी घातली तर पाठ वाकायला लागली, तेव्हा ते बंद. उरले दीड इंच आणि तो ढगळा पट्टा.

"पाऊल सुटतंय," मी म्हटलं. "कुणीतरी टाच धरून ठेवायला पाहिजे."

घरात आम्ही दोघंच राहतो. कुणीतरी म्हणजे कोण हे त्यांनाही कळत होतं.

"तू ओरडशील."

"ओरडेन. तुम्ही सोडायचं नाही."

यांनी माझं शिलाईचं स्टूल ओढलं आणि सायकलपुढे बसले. माझी टाच तळहातावर घेतली. हात गार पडला होता. दीड इंच त्या हाताने भरून निघाले, पाऊल पायडलवर टेकलं, आणि यांनी टाच पुढून मागे ढकलायला सुरुवात केली. पूर्ण फेरा होत नव्हता. नुसतं पुढे-मागे, पुढे-मागे, जिथे अडेल तिथे जरा दाबायचं आणि परत यायचं. तसं मी सोळाव्या वर्षापासून पायडलवर करत आले आहे, तेव्हा त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही.

पहिल्या दाबाला मी ओरडले. यांनी डोळे मिटून घेतले, पण टाच सोडली नाही. दुसऱ्या दाबाला माझ्या लक्षात आलं की ओरडण्याऐवजी बोललं तर कळ जरा उतरते. मग मी बोलायला लागले. यांच्या आत्याने आमच्या लग्नात माझ्या आईला पंगतीत शेवटी बसवलं, तिथपासून सुरुवात केली. दाब आला की एक. मुलीच्या वेळी मी सातव्या महिन्यात असताना हे ओव्हरटाइमला थांबले, ते. माझ्या भावाला उसनी दिलेली सायकल, ही नव्हे, जुनी, ती परत आल्यावर तिच्या साखळीबद्दल त्याला जे बोलले, ते. पिठलं. हे मान खाली घालून दाब मोजत होते. "अकरा," म्हणायचे. "बारा. हं, बोल."

तिसऱ्या दिवशी फिजिओबाई आली तेव्हा आमचं चालूच होतं. दारातच थांबली.

"काकू, कुणाला शिव्या घालायलाव?"

"काकांना."

तिने कोनमापक लावला. एकाहत्तर. "मग चालू द्या की," म्हणाली. "गुडघा ऐकायलाय."

मिस्टरांनी त्या कोनमापकाकडे असं बघितलं की बिचारीने तो वापरायला ठेवून दिला. कॅलेंडरचं तेच पान पुन्हा भिंतीवर आलं. दुकानांच्या नावांवर काट मारून खाली सकाळ आणि संध्याकाळ असे रकाने आखले गेले. पंच्याहत्तर. एकोणऐंशी. एक दिवस सूज आली आणि आकडा खाली गेला, त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही नीट. पुन्हा ऐंशी. माझ्या जुन्या तक्रारी आठव्या दिवशी संपल्या. चाळीस वर्षांच्या संसारात आठ दिवसच पुरतील एवढ्या निघाल्या, याचं मलाच वाईट वाटलं. मग मी आकुर्डीच्या बाईवर घसरले.

अकराव्या दिवशी सकाळी यांनी टाच मागे आणली, नेहमीच्या जागी अडली, यांनी दाबलं, मी त्या बाईच्या मुंढ्यांबद्दल काहीतरी बोलत होते, आणि पायडल वरून पलीकडे गेलं. गेलं म्हणजे गेलं! पूर्ण फेरा. मी बोलायची थांबले. यांनी मान वर केली. डोळे भरले होते, पण चेहरा क्वालिटीतलाच.

"पुन्हा," म्हणाले. "एका तुकड्यावर पास करत नाहीत."

पुन्हा गेलं. मग आणखी नऊ वेळा गेलं.

सहा आठवडे झाले त्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय वाकवला, स्वतःचा कोनमापक लावला आणि म्हणाले, "चौऱ्याण्णव. छान." मला टेबलावरच रडू आलं. मी ओढणी तोंडाला लावली. मिस्टर मागे उभे होते, त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हे माप घ्यायचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?" डॉक्टरांनी कोनमापक उलटा करून बघितला. मी म्हटलं, "चला आता." रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, आपल्या घरी त्र्याण्णव येत होता. मी म्हटलं, डॉक्टरचा खरा.

त्याच दुपारी मी मशीनवर बसले. स्टूल जाग्यावर आणून ठेवायला लागलं, ते सायकलपुढेच पडलेलं होतं. पाय पायडलवर ठेवला. दुखलं, पण बसला. अकरा ब्लाउज तर गेलेच होते. लग्नाला मी पुढे जाऊन आले, नवरीचे मुंढे बघितले, काही बोलले नाही. तर शिवायला हाताशी काही नव्हतं. मग मी बॅगांना लावतात तो जाड पट्टा काढला, माझ्या पावलाचं माप घेतलं, आणि सायकलच्या पायडलला नवीन पट्टा शिवला. माझ्या मापाचा, तळाला दीड इंचाची गादी घालून. दुहेरी कापड, चार ओळी टीप, टोकांना आडवी-उभी दाबटीप. त्याला बैल बांधला असता तरी सुटला नसता. आता पाऊल पायडलवरून घसरणार नव्हतं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ माणसाने स्टुलावर वाकून टाच धरायची गरज नव्हती. यांचीही कंबर काही नवीन नाही.

संध्याकाळी व्यायामाच्या वेळी मी तो यांच्या हातात दिला.

यांनी चष्मा लावला. पट्टा उजेडात धरला. टीप मोजली, उलटसुलट करून बघितली. मग दोन्ही टोकं धरून जीव खाऊन ओढला. धागासुद्धा हलला नाही.

"पक्का आहे," म्हणाले. आणि ड्रॉवरकडे गेले, हिरवी गुंडाळी काढली. काढली, पण स्टिकर सोडवेनात. तिथेच उभे राहिले, नखाने कड शोधत. एकतीस वर्षं ज्यांनी दिवसाला हजार स्टिकरं लावली त्यांना कड सापडत नव्हती. "म्हणजे आता स्टूल नको," म्हणाले. "चांगलंच झालं."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग पट्टा त्यांच्या हातातून घेतला, खिडकीकडे नेला, आणि उगाच एका टोकाला नख लावून बघितलं.

"नाही हो," मी म्हटलं. "शिलाई कच्ची आहे. सुटेल."

यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शिलाईबद्दल असं माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मीही नव्हतं. हिरवी गुंडाळी त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि लाल काढली. कड लगेच सापडली. पट्ट्यावर लाल स्टिकर लावलं, नीट दाबून बसवलं, आणि मशीनपुढचं स्टूल ओढत सायकलकडे नेलं.

"ये," म्हणाले. "टाच दे."